स्लॅग हाये, झोप

ज्वालामुखी शांत असल्याचा अहवाल मी सकाळी पाठवला आणि पोहे खायला खाली गेलो.

आमचं ऑफिस भिलाईत, हुडको कॉलनीत एका आटाचक्कीच्या वर आहे. चक्की सुरू झाली की टेबल थरथरतं, टेबलावरचा मॉनिटर थरथरतो आणि मॉनिटरमधला ज्वालामुखीसुद्धा थरथरतो. पहिल्याच आठवड्यात मी भूकंप झाल्याचं कळवायच्या बेतात होतो. खुशबूनं मला खिडकीशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. कुणाचा तरी गहू होता.

खुशबू आणि मी, कामाचे आम्ही दोघंच. तिसरे भैय्याजी, म्हणजे मालक. उपग्रहानं काढलेल्या फोटोंवरून कुरुदकडच्या प्लॉटांचे नकाशे करायचे हा आमचा मूळ धंदा. कुणाची भिंत कुणाच्या जमिनीत किती घुसली, तलाव होता तिथं कॉलनी कधी उगवली, हे आम्ही सांगतो. दोन्ही पार्ट्या आमच्यावर चिडल्या की काम बरोबर झालं असं समजतो.

ज्वालामुखी आमच्याकडे माझ्या बहिणीमुळे आला. प्रणिता, माझी ताई, दगडांचा अभ्यास करते आणि सध्या पूर्व आफ्रिकेत मोलेंदा नावाच्या ज्वालामुखीच्या काठावर तंबूत राहते. तिथल्या विवरात दोरानं उतरून तळाशी यंत्रं ठेवायची, हे तिच्या टोळीचं काम. वरून उपग्रह गेला की फोटोतून विवराची उष्णता मोजायची आणि कुठं नवी गरम जागा झाली का ते कळवायचं, हे आमचं. आम्ही ‘शांत’ म्हटलं की ते उतरणार. करार इतका साधा होता की भैय्याजींना संशय आला.

"त्या क्रेटरचा खसरा नंबर काय हाये?" जमिनीच्या कागदावरचा तो नंबर त्यांनी सवयीनं विचारला होता.

"नाही आहे, भैय्याजी."

"म्हंजे कब्जा कोनाचा?"

"ज्वालामुखीचाच म्हणायचा."

त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून ते मोलेंदाला ‘साइट’ म्हणतात.

तर आज ताई उतरणार होती. इतके दिवस ढगांनी विवर झाकून टाकलं होतं आणि आज आभाळ उघडलं होतं. आदल्या रात्रीचा फोटो आला, आमच्या प्रोग्रॅममधून गेला, बाहेर राखाडी, देखणा, थंडगार नकाशा पडला. मी ‘शांत’ लिहिलं, सही केली, पाठवलं. ताईचा उत्तरादाखल अंगठा आला. त्यानंतर पोहे.

वर आलो तर खुशबू मॉनिटरकडे पाहत नुसती बसली होती. ती कधी नुसती बसत नाही. नुसतं बसायचं काम माझ्याकडे असतं.

"सम्या, एक बात बता," ती म्हणाली, "तुझ्या क्रेटरमधे हे लाल कुठून आलं?"

झालं असं होतं की भैय्याजींना कंपनीच्या पत्रकावर ज्वालामुखीचा फोटो हवा होता. आमचा राखाडी नकाशा त्यांना पसंत नव्हता. "हा ज्वालामुखी होय का गोदामाचा फर्श? लाल पायजे, लाल." म्हणून खुशबूनं आमच्या प्रोग्रॅमचे सगळे फिल्टर बंद करून कच्चा फोटो उघडला होता, थोडा तरी लालसरपणा मिळेल म्हणून.

मिळाला. विवराच्या दक्षिण भिंतीवर, तळाच्या जरा वर, लाल ठिपक्यांचा एक पट्टा होता.

"कॅमेऱ्याची खराबी असेल," मी म्हणालो.

"मलाही वाटलं. म्हणून मागचे उघडले."

तिनं मागचे फोटो एकापुढे एक लावले. ढगांचे सोडले तर प्रत्येकात तो पट्टा होता. आधी एक ठिपका. मग दोन. एकदा फिका, एकदा भडक, पण जागा तीच. तोंडात राहिलेला पोह्यातला शेंगदाणा मी न चावता गिळला.

"मग प्रोग्रॅमनं दाखवलं कसं नाही?"

खुशबूनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही एकाच वेळी आठवलं, आणि दोघांनाही वाटलं की समोरच्यानं आधी बोलावं.

हा प्रोग्रॅम आम्ही ज्वालामुखीसाठी लिहिलाच नव्हता. तो होता जंगलातले वणवे शोधायच्या एका जुन्या कामाचा. त्या कामात एकच अडचण होती. दर वेळी आमच्या नकाशात सगळ्यात मोठा वणवा भिलाईत पेटलेला दिसायचा. नकाशा घेणारे विचारायचे, तुमच्याकडे एवढं काय जळून राहिलं? आम्ही सांगायचो, काही नाही, पोलाद कारखाना आहे, भट्टीतला तापलेला स्लॅग ओतत असतील. शेवटी वैतागून आम्ही प्रोग्रॅमलाच समजावलं. गरम जागा एकदाच दिसली तर थांब, ढगाची चमक असेल. पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी दिसली, कधी कमी कधी जास्त, तर कारखाना आहे, सोडून दे. जागा बदलत पुढे सरकली तरच वणवा, तेव्हाच घंटा वाजव. या नियमाला आम्ही कौतुकानं ‘भिलाई’ असं नाव दिलं होतं.

आणि तोच प्रोग्रॅम, नियमासकट, आम्ही मोलेंदाला लावला होता. मोलेंदानं उठून शेजारच्या गावात मुक्कामाला जायला हवं होतं, तरच आमची घंटा वाजली असती.

"भिलाईवर चालवून बघ," खुशबू म्हणाली. "खात्री होईल."

मी भिलाईचा ताजा फोटो घातला. नकाशा आला. रेल्वेलाइन होती, मरोद्याचं तळं होतं, आमच्या क्वार्टरची रांग होती. आणि बापाची सगळी नोकरी जिथं गेली त्या अख्ख्या कारखान्यात, भट्ट्यांसकट, कुठंही काही गरम नव्हतं. सगळीकडे राखाडी, देखणं, थंडगार.

खाली चक्की थांबली. मॉनिटर स्थिर झाला. शेजारच्या फोटोतला लाल पट्टाही.

"दोर कोणत्या भिंतीवर बांधलेत?" खुशबूनं विचारलं.

"दक्षिण," ताईनं पाठवलेल्या आराखड्यातल्या दोराच्या खुंट्या पाहून मी म्हणालो.

आमच्याकडे विवराच्या काठावरच्या तळाचा सॅटेलाइट फोन नंबर होता. तो फक्त अत्यंत निकडीच्या वेळी वापरायचा असं ताईनं बजावलं होतं, आणि मी तो गेल्या आठवड्यात एकदा वापरला होता, विवरात म्हैस दिसते आहे हे कळवायला. फोटोत म्हैस मीच चिकटवली होती. कुरुदची होती. चांगली रवंथ करत बसलेली. ताई हसली होती, पण टोळीतल्या एकानं म्हशीचं माप घेऊन ती चाळीस हत्तींएवढी असल्याचं कळवलं तेव्हा तिनं मला खाजगीत शिव्या घातल्या होत्या.

फोन तिथल्या रेडिओवाल्यानं उचलला. अतिशय सभ्य माणूस. मी इंग्रजीत कोण, कुठून ते सांगितलं.

"हो हो," तो म्हणाला. "म्हैस."

"आज म्हैस नाही. ताई कुठं आहे?"

"दोरावर. चौघंही. अर्ध्याहून जास्त उतरलेत. वारा छान आहे."

"त्यांना सांगा दक्षिण भिंत खाली गरम आहे. फोटोत लाल दिसतंय. वर यायला सांगा."

त्यानं रेडिओवर सांगितलं. मला त्याचा आवाज ऐकू येत होता, ताईचा येत नव्हता. ‘ब्रदर’, ‘पिक्चर’, ‘रेड’ एवढे शब्द कळले. मग बराच वेळ खरखर. मग तो परत फोनवर आला.

"त्यांनी निरोप दिलाय. मी जसाच्या तसा लिहून घेतला." आणि त्यानं एकेक अक्षर जपून उच्चारत वाचलं, "स्लॅग. हाये. झोप."

मी खुर्चीत बसलो. आधी उभा होतो हे तेव्हा कळलं.

"याचा अर्थ काय?" रेडिओवाल्यानं विचारलं.

"याचा अर्थ ते उतरत राहणार."

हे वाक्य आमच्या आईचं आहे. मरोद्याच्या क्वार्टरच्या खिडकीतून प्लांट दिसतो. लोखंड वितळवून उरलेला मळ, तो लालभडक पातळ दगड, उतारावर ओतला की आख्खं आभाळ पेटतं. लहानपणी मी दचकून उठायचो, जग संपलं म्हणून. ताई माझ्याहून मोठी, ती आधीच उठून बसलेली असायची. आई कूस न बदलता म्हणायची, "स्लॅग हाये, झोप." आम्ही झोपायचो. पुढे आईनं हे औषध सगळ्यावर वापरलं. दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी मला कापरं भरलं तेव्हा, स्लॅग हाये, झोप. बाबांच्या छातीत कळ आली तेव्हाही आधी हेच म्हणाली, मग ऑटो बोलावला. आमच्या घरात भीती नावाची गोष्ट नाही. आहे ते सगळं स्लॅग.

बाहेरगावचं कुणी असतं तर आभाळ लाल आहे म्हटल्यावर पळालं असतं. भिलाईचं माणूस कूस बदलतं. आमचा प्रोग्रॅम भिलाईचा होता. ताईही.

"माझा फोन रेडिओला लावा," मी रेडिओवाल्याला म्हणालो. "मला तिच्याशी थेट बोलू द्या."

"रेडिओवर बाहेरचा माणूस फक्त धोक्याच्या वेळी," तो म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. "आणि आजचा कागद तर शांत म्हणतो. माझ्यासमोर आहे. खाली सही आहे." तो जरा थांबला. "तुमचीच."

"मी दुसरा पाठवतो."

"जरूर. मालकांच्या नावानिशी, कृपा करून. तो आला की मी लगेच लावतो."

खुशबूनं तोपर्यंत नवा अहवाल लिहायला घेतलाही होता. मी भैय्याजींना फोन लावला. ते कुरुदला एका प्लॉटवर मोजायचा फीता धरून उभे होते. मागून दोन माणसं एकमेकांच्या बापांबद्दल बोलत होती.

"भैय्याजी, साइटवर लफडा झाला."

"कब्जा?"

"नाही. सकाळचा रिपोर्ट चूक आहे. क्रेटर गरम आहे. नवा पाठवावा लागते, तुमच्या नावानं."

"पाह्य सम्या," ते हळू आवाजात म्हणाले, "सकाळी शांत म्हन्लं, दुपारी गरम म्हनतो. पार्टी काय समजन आपल्याले? उद्या इथं कुरुदमधे कोनी म्हनन, ह्यायचा नकाशा दुपारी बदलते. एक काम कर. थोडा गरम लिही. मधला."

"मधला नसते, भैय्याजी."

"कोमट?"

"ताई दोरावर आहे. त्याच भिंतीवर."

मागची दोन माणसं अजून बापांवरच होती. भैय्याजींचा आवाज बदलला. पहिल्यांदाच मला तो मालकाचा वाटला नाही.

"तुही बहीण खाली हाये?"

"हाव."

"मंग मले कावून विचारून राहिला बे? टाक माह्यं नाव. मोठ्या अक्षरात टाक."

खुशबूनं बटण दाबलं होतं. भैय्याजींनी ‘टाक’ म्हणायच्या आधी की नंतर, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

पुन्हा काठावर फोन. वाजतच राहिला. खाली चक्की सुरू झाली, मॉनिटरमधलं विवर थरथरायला लागलं आणि लाल पट्टा पाण्यात हलावा तसा हलायला लागला. गहू आहे, मी स्वतःला सांगितलं. फक्त गहू आहे. शेवटी पलीकडून फोन उचलला गेला.

"आला कागद," रेडिओवाला म्हणाला. आता तो घाईत होता. "तुमच्या मालकांचं नाव फारच मोठं आहे. थांबा. फोन रेडिओजवळ धरतो. बटण दाबलं की बोला."

खरखर. वारा. कुणाचा तरी धापा टाकणारा श्वास.

"ताई."

"सम्या?" आवाज विहिरीतून यावा तसा. "तू रेडिओवर? अबे, काम करून राहिलो आम्ही. तुह्या म्हशीले चारा टाकाले नाई आलो."

"ताई, ऐक. प्रोग्रॅममधे भिलाईचा नियम राहून गेला. जंगलवाला. गरम होतं, आम्ही गाळून टाकत होतो. कितीतरी दिवस."

"फिका-भडक होते काय?"

"हाव."

"मंग गॅस असन. ढग सरकले का तसं दिसते. सम्या, इतके दिवस वाट पाह्यली आम्ही. तळ दिसून राहिला इथून. तू घाबरला, समजते मले. पन हे..."

तिचं पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. ते मला जन्मापासून ठाऊक होतं. ते तिच्या तोंडून बाहेर पडलं की ती खाली जाणार होती, कारण त्या वाक्यानंतर आमच्या घरात कुणी कधी काही केलेलं नाही, झोपण्याशिवाय. आणि मी गेल्या आठवड्यात म्हैस पाठवलेला माणूस होतो.

"ताई," मी म्हणालो, "हे स्लॅग नाही."

रेडिओवर नुसता वारा.

आमच्या घरात हे आजवर कुणी म्हटलेलं नाही. बाबांच्या छातीच्या वेळी डॉक्टर म्हणाला होता, पण तो बाहेरचा.

"काय म्हन्ला?"

"हे स्लॅग नाही, ताई. दुसऱ्या खुंटीच्या खाली, डाव्या हाताले. तुमचा दोर त्याच्यावरूनच जाते. आधी एक ठिपका होता. आता मोजता येत नाही."

मग तिचा आवाज आला, पण माझ्यासाठी नाही. ती इंग्रजीत, अजिबात न ओरडता, तिघांना सांगत होती की सामान तिथंच सोडा, हुक बदला, वर चला. शेवटचा माणूस आधी. मग बटण सुटलं आणि रेडिओ बंद झाला.

"चढतायत," रेडिओवाला म्हणाला. "मी आता फोन ठेवतो. मला दोर ओढायचाय."

त्यानंतर आमच्याकडे करण्यासारखं काहीही नव्हतं. उपग्रह पुन्हा रात्रीच येणार होता. त्याला लवकर ये म्हणून सांगता येत नाही. खुशबूनं माझा डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मी तो बंद करून तिच्यापुढे ठेवला. असं काही वेळ चाललं.

तेवढ्यात आईचा फोन.

"जेवला काय?"

"हाव."

"खोटं. ताईचा फोन?"

"नेटवर्क नाही तिथं."

"तुहा आवाज कावून असा येऊन राहिला?"

"चक्की सुरू आहे न खाली."

"चक्कीनं आवाज हालते, रडका नाई होत. काय झालं?"

जे झालं होतं ते मला एका वाक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि ‘हे स्लॅग नाही’ हे जे वाक्य होतं ते मी आजच्यापुरतं वापरून बसलो होतो.

"काही नाही, आई. स्लॅग आहे."

"मंग ठीक," आई म्हणाली. पण तिनं फोन ठेवला नाही. मी पण ठेवला नाही. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, माझ्याकडे गहू दळला जात होता, आणि आम्ही दोघं मायलेक फोन कानाला लावून एकमेकांकडचे आवाज ऐकत बसलो.

खुशबूचा फोन वाजला तेव्हा तिनं तो उचलून नुसता माझ्यासमोर धरला. काठावरून आलेला फोटो होता. चार माणसं, राखेनं एकाच रंगाची झालेली, जमिनीवर पसरलेली. त्यातलं एक माणूस कॅमेऱ्याकडे पाहून दोन बोटांची शिंगं करत होतं. म्हैस.

"आई," मी म्हणालो, "ताईचा फोटो आला. ठीक आहे."

"मले माहीत होतं," आई म्हणाली आणि तिनं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. तो मला ऐकू आला.

भिंतीचा तो भाग त्याच दुपारी गेला. ताईनं नंतर सांगितलं की आवाज मोठा नव्हता, पोतं ओतल्यासारखा होता. दगड खाली बसला, मागून लाल निघालं, आणि दोराची टोकं मेणबत्तीच्या वातीसारखी वर वळली. यंत्रं गेली. दुसऱ्या दिवशीच्या कच्च्या फोटोत जिथं ती चौघं उभी राहणार होती तिथं इतका भडक ठिपका होता की भैय्याजींना पत्रकासाठी हवा होता तो लाल एकदाचा मिळाला. त्यांनी तो वापरला नाही. पत्रकावर त्यांनी कुरुदचा तलाव टाकला.

आईला आम्ही सगळं दोन दिवसांनी सांगितलं, ताई फोनवर आणि मी समोर. ती शेवटपर्यंत शांत ऐकत राहिली. ज्वालामुखीबद्दल तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

"अन् मी तुले संग देल्ला तो लाडवाचा डब्बा?" तिनं विचारलं.

"तो सामानात होता, आई," ताई म्हणाली. "खालीच राह्यला."

"स्टीलचा होता. झाकनावर तुह्या बाबाचं नाव कोरलं होतं. पुंडलिक मेश्राम, मरोदा." आई विचार करायला लागली. "नाव हाये म्हंजे कोनी तरी आनून देईन."

बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर आणखी वर धरला आणि तो हलायला लागला.

‘भिलाई’ नियम आम्ही काढून टाकला आहे. मोलेंदासाठी, वणव्यांसाठी, सगळीकडूनच. त्याचा परिणाम असा की आता उपग्रह भिलाईवरून गेला की माझा फोन कोकलतो, आगीचा इशारा म्हणून. खुशबू म्हणते आपलं गाव तेवढं वगळू या. मी अजून वगळलेलं नाही.

परवा जेवायला बसलो होतो तेव्हा तो कोकलला. खिडकीबाहेर प्लांटच्या बाजूचं आभाळ लाल होत होतं. मी ताटावरून उठायला लागलो तर आईनं मला हातानं बसवलं. वाढता वाढता पळी तशीच हातात धरून ती खिडकीशी गेली, पडदा सारला आणि पाहत राहिली. वरण पळीतून थेंब थेंब गळत होतं.

"स्लॅगच हाये," ती म्हणाली.

पुढचा शब्द आला नाही. ती तिथंच उभी होती, आभाळ पुन्हा काळं होईपर्यंत.